अचूकतेचा हिशेब दाखवा

तपासणीच्या रिपोर्टवर आपल्या देशात जेवढा विश्वास ठेवला जातो, तेवढा तो रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरवरही ठेवला जात नाही. 'रिपोर्टमध्ये आलंय' म्हटलं की वाद संपतो. रुग्ण गप्प, नातेवाईक गप्प, डॉक्टरही गप्प. माझं म्हणणं असं आहे की यातले कितीतरी रिपोर्ट विश्वास ठेवण्याच्या लायकीचे नसतात, हे वैद्यकशास्त्राला फार वर्षांपासून ठाऊक आहे, आणि तरीही ते राजरोस विकले जातात. कारण ते विकण्यात लॅबचा, कंपनीचा आणि आमच्या पेशातल्या पुष्कळांचा फायदा आहे. हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. तालुक्याच्या गावात फिजिशियन म्हणून रोज माझ्या टेबलावर जे कागद येऊन पडतात, ते वाचून लिहितो आहे.

एखाद्या चाचणीबद्दल लॅबवाल्यांना विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: 'सर, मशीन फुल्ली ऑटोमॅटिक आहे, इम्पोर्टेड आहे, एनएबीएल आहे.' असेल. मशीन रक्तातला पदार्थ बरोबर मोजतं की नाही, हा एक प्रश्न झाला. तो पदार्थ सापडला म्हणजे त्या माणसाला तो आजार आहे का, हा पूर्ण वेगळा प्रश्न. एनएबीएलचा शिक्का, म्हणजे लॅबला मिळालेली राष्ट्रीय मान्यता, पहिल्या प्रश्नापुरता आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही शिक्क्यातून मिळत नाही. आणि रुग्णाला हवं असतं ते फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर.

विडालची टेस्ट घ्या. पॅरिसच्या फर्नां विडाल यांनी १८९६ साली ती मांडली. त्या काळी टायफॉईड ओळखायला हाताशी फारसं काही नव्हतं, त्यामुळे ते मोठं पाऊल होतं. सव्वाशे वर्षं उलटली. आजही पावसाळ्यात आमच्याकडे ताप आलेल्या माणसाच्या हातात पहिली चिठ्ठी विडालची पडते. ती कशी करतात ते एकदा जवळून पाहा. काचेच्या पट्टीवर रुग्णाच्या सिरमचा थेंब, त्याशेजारी बाटलीतल्या रंगीत अँटीजेनचा थेंब, काडीने दोन्ही कालवायचे, पट्टी मिनिटभर हातात डोलवायची आणि उजेडाकडे धरून बघायचं, दाणे धरले का. धरले की लिहायचं: टी.ओ. १:१६०, टी.एच. १:१६०. खाली लाल अक्षरात 'पॉझिटिव्ह'. दाणे धरले की नाही हे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर ठरतं, आणि तो दिवसभर पट्ट्याच हलवत असतो.

दाण्यांचा अर्थ एवढाच, की त्या माणसाच्या रक्तात साल्मोनेलाच्या काही भागांशी जुळणाऱ्या अँटिबॉडी आहेत. त्या आजच्या आजाराच्या असतील. दोन वर्षांपूर्वीच्या आजाराच्या असतील. साल्मोनेलाच्या दुसऱ्याच एखाद्या जातीमुळे आलेल्या असतील. मलेरियात, डेंग्यूत आणि इतर तापांतही विडाल पॉझिटिव्ह येते. जिथे टायफॉईड कायमचाच मुक्कामी आहे, तिथल्या धडधाकट माणसांच्या रक्तातही त्या सापडतात. उलट खऱ्या टायफॉईडच्या पहिल्या आठवड्यात त्या सापडतीलच असं नाही. म्हणून पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की एका विडालवर विसंबू नका. सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्या आणि चौपट वाढ झाली तरच तिला अर्थ द्या. आपल्या भागातल्या निरोगी माणसांची पातळी किती आहे, तेही आधी माहीत असायला हवं. आमच्या तालुक्यातल्या निरोगी माणसांची विडालची पातळी किती, असं मी कितीतरी लॅबना विचारून पाहिलंय. एकाही लॅबने ती मोजलेली नाही. किटसोबतच्या कागदावर जो आकडा छापलेला असतो, तोच रिपोर्टवर उतरतो.

गेल्या पावसाळ्यात एक आई तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घेऊन आली. कॅरीबॅगमधून विडालचे रिपोर्ट काढून तिने एकापुढे एक मांडले.

'डॉक्टर, हिचा टायफॉईड काही केल्या उतरंना. आधी एकशेसाठ होता, आता तीनशेवीस झालाय. सलाईन झाली, इंजेक्शनांचा कोर्स झाला, परत कोर्स झाला.'

'मावशी, वजन उतरलंय का हिचं?'

'ड्रेस अंगात राहिना झालेत बघा.'

मी मुलीच्या मानेला हात लावला. डाव्या बाजूला गाठी होत्या, बोटांना सहज लागणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या. गाठीतला नमुना सुईने काढून पाठवला. टीबी निघाला. एवढ्या सगळ्या तपासण्यांत त्या मुलीच्या मानेला कुणी हात लावला नव्हता. हात लावायला पैसे पडत नाहीत आणि त्यातून कुणाला काही मिळतही नाही. टायफॉईड 'उतरला का' हे पाहायला पुन्हा पुन्हा विडाल करणं हे तर शुद्ध अज्ञान आहे. अँटिबॉडी आजार गेल्यावरही महिनोन्‌महिने रक्तात राहतात. ते अज्ञान रुग्णाच्या खिशातून वसूल केलं जातं.

तर मग चाचणी किती खरी बोलते, हे मोजायचं कसं? याची रीत ठरलेली आहे आणि ती अवघडही नाही. जेकब येरुशाल्मी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९४७ साली छातीचे एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांची परीक्षा घेताना दोन मापं वापरली, तीच आजही वापरतात. ज्यांना आजार आहेच अशा शंभरांपैकी किती जणांना चाचणी पकडते, ही सेन्सिटिव्हिटी. ज्यांना आजार नाहीच अशा शंभरांपैकी किती जणांना ती सोडून देते, ही स्पेसिफिसिटी. त्या काळच्या अभ्यासांत दिसलेली एक गोष्ट मला अजून महत्त्वाची वाटते: तीच फिल्म त्याच डॉक्टरपुढे काही दिवसांनी पुन्हा ठेवली, तर तो कितीतरी वेळा आपल्याच आधीच्या निकालाच्या विरुद्ध निकाल देत होता.

दोन मापं म्हणजे दोन्ही हवीत. '९९ टक्के अचूक' असं एकच माप सांगणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा फसवतो आहे. समोर येईल त्याला 'आजार नाही' असं सांगणारी चाचणी मी आज कागदावर लिहून देतो. हजारात एखाद्यालाच होणाऱ्या आजारात ती ९९.९ टक्के वेळा बरोबर निघेल, आणि एकाही रुग्णाला पकडणार नाही.

पण ज्यांना आजार 'आहेच', हे ठरवायचं कशावरून? खरी मेख इथे आहे. चाचणी कशाशी ताडून पाहिली, ते सांगितल्याशिवाय तिच्या टक्क्याला काडीचा अर्थ नाही. टायफॉईडसाठी ताडून पाहायचं ते ब्लड कल्चरशी, म्हणजे रक्तातून जंतू प्रत्यक्ष वाढवून. आणि ब्लड कल्चरसुद्धा खऱ्या टायफॉईडच्या दहांतल्या सहा रुग्णांनाच पकडतं. आधी मेडिकलमधून आणून अँटिबायोटिक घेतलं असेल तर आणखी कमी. अस्थिमज्जेचं कल्चर जास्त पकडतं, पण तापाच्या प्रत्येक माणसाच्या हाडात सुई कोण घालणार? म्हणजे उद्या कुणी टायफॉईडची अगदी बिनचूक चाचणी काढली, तरी कल्चरशी ताडताना तिने बरोबर पकडलेले शंभरांतले चाळीस रुग्ण 'खोटे पॉझिटिव्ह' म्हणून तिच्याच नावावर मांडले जातील. ही अडचण खरी आहे, आणि ती सोडवण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ प्रामाणिकपणे डोकं लावत आले आहेत. विडाल विकणारे मात्र याच अडचणीच्या आड लपतात. 'कल्चर तरी कुठं शंभर टक्के आहे?' असं मला एका सभेत ऐकवलं गेलं. कल्चर कमी पकडतं, पण जंतू वाढला तर तो टायफॉईड असतो; विडाल पॉझिटिव्ह आली तर तो काय आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. या दोन उणिवा एका तागडीत घालणं ही लबाडी आहे.

दुसरी लबाडी याहून जुनी. चाचणी कुणावर करून पाहिली? मॉन्ट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांच्या गटाने १९६९ मध्ये सीईए या पदार्थाची रक्ततपासणी मांडली, तेव्हा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ३६ रुग्णांपैकी ३५ जणांत ती पॉझिटिव्ह आली होती. जगभर गाजावाजा झाला. पुढे जेव्हा ती सुरुवातीच्या, लहान गाठींच्या रुग्णांवर आणि यकृताचे किंवा आतड्याचे दुसरे विकार असलेल्यांवर वापरली, तेव्हा ते यश ओसरलं. पसरलेला कॅन्सर आणि ठणठणीत माणूस यांच्यातला फरक कुठलीही चाचणी ओळखते. तिची खरी कसोटी लागते ती मधल्या, गोंधळात टाकणाऱ्या माणसांवर, ज्यांच्यासाठी डॉक्टर ती लिहून देतो. रॅन्सोहॉफ आणि फाइनस्टाइन यांनी १९७८ मध्ये हेच सीईएचं उदाहरण घेऊन सगळ्यांना बजावलं. १९९९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी चाचण्यांचे अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं की आधीच निदान झालेले रुग्ण एका बाजूला आणि निरोगी माणसं दुसऱ्या बाजूला असा अभ्यास केला, तर चाचणीची निदानक्षमता सुमारे तिपटीने फुगून दिसते. २००३ मध्ये 'स्टार्ड' नावाची नियमावली आली: चाचणीचा अभ्यास छापताना कुणावर केली, कशाशी ताडली, किती जण गळले, हे सगळं लिहा. म्हणजे कुणाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आणि सीईए आज आपल्याकडे 'कॅन्सर मार्कर' म्हणून निरोगी माणसांच्या चेकअप पॅकेजमध्ये विकली जाते.

आणखी एक प्रकार असतो, तो तर अभ्यास म्हणायच्याही लायकीचा नाही. टायफॉईड कुणाला आहे हे विडालवरूनच ठरवायचं आणि मग विडाल किती अचूक आहे ते मोजायचं. उत्तरपत्रिका ज्याची, त्यालाच तपासायला बसवण्यासारखं हे आहे. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत असे आकडे मी वाचलेत. कंपनीच्या एमआरला, म्हणजे विक्री प्रतिनिधीला, विचारलं की तो म्हणतो, 'सर, डेटा कंपनीकडे आहे.'

आता समजा एखादी चाचणी खरोखर चांगली आहे, प्रामाणिकपणे मोजलेली आहे. तरीही ती कुणाची करायची, यावर सगळं ठरतं. हे गणित मी आकड्यांतच मांडतो, कारण शब्दांत ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही, डॉक्टरांच्याही नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय टीबी पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दर लाख माणसांमागे फुफ्फुसाच्या टीबीचे ३१६ रुग्ण सापडले. अशा एक लाख माणसांची सरसकट तपासणी करायचं ठरवलं. चाचणी शंभरांपैकी ९० रुग्ण पकडणारी आणि शंभरांपैकी ९५ निरोगींना सोडणारी. बाजारात हिला कुणीही उत्तम म्हणेल. ३१६ पैकी २८४ पकडले. उरलेले ९९,६८४ निरोगी, त्यांतल्या पाच टक्क्यांना, म्हणजे ४,९८४ जणांना तिने विनाकारण पॉझिटिव्ह ठरवलं. एकूण पॉझिटिव्ह ५,२६८, त्यांत खरे २८४. दर शंभर पॉझिटिव्हमागे खरे जेमतेम पाच. तीच चाचणी तीन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन अशा माणसांवर करा, ज्यांच्यात समजा शंभरांपैकी वीस जणांना टीबी असतो. मग हजारांत १८० खरे आणि ४० खोटे. पॉझिटिव्ह आलेल्या दर शंभरांत ८२ खरे. किट तेच, लॅब तीच, तंत्रज्ञही तोच.

हे गणित डॉक्टरांना येतं असं कुणी समजू नये. १९७८ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या ६० डॉक्टर-विद्यार्थ्यांना असाच प्रश्न घातला होता: आजार हजारात एकाला, चाचणी निरोगींपैकी पाच टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते, तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? बरोबर उत्तर सुमारे दोन टक्के. ते दिलं ११ जणांनी. सर्वाधिक लोकांचं उत्तर होतं ९५ टक्के. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत हे प्रकरण कम्युनिटी मेडिसिनच्या पुस्तकात आहे. परीक्षेपुरतं पाठ होतं आणि इंटर्नशिपच्या पहिल्या महिन्यात विसरलं जातं. माझ्या समव्यावसायिकांनो, ज्याला हे गणित येत नाही त्याने तपासणीची चिठ्ठी लिहू नये, असं माझं मत आहे, आणि ते मी मागे घेणार नाही.

टीबीच्याच बाबतीत या देशाने एक मोठी फसवणूक वर्षानुवर्षं सहन केली. रक्तातल्या अँटिबॉडी पाहून टीबी ठरवणाऱ्या चाचण्या. खाजगी क्षेत्रात त्या वर्षाला सुमारे १५ लाख होत होत्या, असा त्या वेळचा अंदाज होता. किट्स बहुतांश युरोप-उत्तर अमेरिकेत बनलेल्या, आणि कुठल्याही मान्यताप्राप्त नियामकाची त्यांना मंजुरी नव्हती. सगळे अभ्यास गोळा करून पाहिले तेव्हा फुफ्फुसाच्या टीबीसाठी त्यांची सेन्सिटिव्हिटी शून्यापासून शंभरापर्यंत आणि स्पेसिफिसिटी ३१ पासून शंभरापर्यंत कुठेही जात होती. ही चाचणी म्हणायच्या लायकीची वस्तूच नव्हती. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. टीबीच्या एखाद्या चाचणीविरुद्ध संघटनेने असं सांगण्याची ती पहिली वेळ. जून २०१२ मध्ये भारत सरकारने बंदी घातली. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत ज्यांना टीबी नसताना सहा महिने गोळ्या खाव्या लागल्या, आणि टीबी असताना 'निगेटिव्ह' म्हणून घरी पाठवलेले जे लोक खोकत खोकत घरातल्यांना आजार देत राहिले, त्यांचा हिशेब कुणी मांडला नाही. एकाही लॅबने एकाही रुग्णाला पैसे परत दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बंदीनंतर काय झालं? बाजार 'टीबी गोल्ड' या रक्ततपासणीकडे वळला. ही चाचणी शरीरात टीबीचा संसर्ग कधी तरी झाला आहे का, एवढंच सांगते. त्याच राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. त्यांतले बहुतेक आयुष्यात कधीही आजारी पडणार नाहीत. आपल्यासारख्या देशांत आजाराच्या निदानासाठी ती वापरू नये, असंही जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगून ठेवलं होतं. तरी वंध्यत्वापासून पाठदुखीपर्यंत कशासाठीही ती लिहिली जाते, आणि पॉझिटिव्ह आली की टीबीच्या गोळ्यांचं एकेटी-फोर सुरू.

याउलट गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट पाहा. बॅटरीवर चालणारं, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येणारं यंत्र, थुंकीतला टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारं. भारत, पेरू, इथिओपिया आणि पापुआ न्यू गिनी या चार देशांत, प्रत्यक्ष संशयित रुग्णांवर, कल्चरशी ताडून त्याची परीक्षा झाली. निकाल: त्याच्या दोन चिपांपैकी एकीने ७३ टक्के आणि दुसरीने ८० टक्के रुग्ण पकडले, स्पेसिफिसिटी अनुक्रमे ९८ आणि ९६ टक्के. म्हणजे शंभरांतले वीस ते सत्तावीस रुग्ण सुटतात, हे उघड छापलं गेलं. आणि याच आकड्यांवर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. सुटणारे किती हे माहीत असल्यामुळे निगेटिव्ह आलेल्या पण लक्षणं कायम असलेल्या रुग्णाचं कल्चर करायचं, हे मला ठरवता येतं. खोक्यावर ९९ छापलेल्या किटपेक्षा हे ८० माझ्या रुग्णाच्या शंभरपट उपयोगाचे आहेत.

मोजमाप सोडलं तर काय होतं आणि केलं तर काय होतं, या दोन्ही गोष्टी कोविडच्या वर्षानेही दाखवल्या. एप्रिल २०२० मध्ये चीनहून आलेल्या रॅपिड अँटिबॉडी किट्स राज्यांना वाटल्या गेल्या. राजस्थानने त्या आधीच बाधित ठरलेल्या रुग्णांवर वापरून पाहिल्या आणि अचूकता ५.४ टक्के निघाल्याचं जाहीर केलं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आधी दोन दिवस थांबायला सांगितलं, मग त्या परत करायला. आयातीला २४५ रुपये पडलेली किट ६०० रुपयांनी सरकारला विकली जात होती, हे दिल्ली उच्च न्यायालयातल्या भांडणातून बाहेर आलं. घाईत मोजमाप सोडलं की काय होतं, ते देशाने पाहिलं. पण त्याच आयसीएमआरने जूनमध्ये रॅपिड अँटिजेन चाचणीला परवानगी देताना तिची सेन्सिटिव्हिटी ५०.६ ते ८४ टक्के एवढीच आहे हे लेखी सांगितलं, आणि म्हणून लक्षणं असलेला रुग्ण निगेटिव्ह आला तर आरटी-पीसीआर करा असा नियम घातला. किटवार याद्या काढल्या, कुठली पसंतीस उतरली आणि कुठली नाही ते जाहीर केलं. म्हणजे या देशात हे करता येतं. मनात आणलं तर आठवड्यांत करता येतं.

मग डेंग्यूच्या रॅपिड कार्ड टेस्टचं असं मोजमाप का नाही? राष्ट्रीय कार्यक्रम एलायझा पद्धतीच्या चाचणीचाच आग्रह धरतो. तिची आयजीएम किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही) बनवते आणि देशभर पुरवते. खाजगीत मात्र कार्डावरच्या फिकट रेषेवरून माणूस ॲडमिट होतो, आणि दर सहा तासांनी प्लेटलेट मोजल्या जातात.

चेकअप पॅकेजबद्दल मला जास्त लिहायचं नाही, गणित पुरेसं आहे. 'नॉर्मल रेंज' ही बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्यात बसतील अशी आखलेली असते. म्हणजे पाच टक्के निरोगी माणसं प्रत्येक तपासणीत बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाचा किमान एक आकडा रेंजबाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के; साठ केल्या तर ९५. त्या एका आकड्यामागे मग सोनोग्राफी, सीटी, 'एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या'. बायकांच्या पॅकेजात सीए-१२५ ही रक्ततपासणी घालतात. हा आकडा पाळीत वाढतो, गरोदरपणात वाढतो, फायब्रॉईडमध्ये वाढतो, पोटाच्या टीबीतही वाढतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासाचा निकाल २०२१ मध्ये आला: सीए-१२५ किंवा सोनोग्राफीने सरसकट तपासणी करून अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. त्यानंतरही ही तपासणी महिलादिनाच्या सवलतीत विकणाऱ्यांना मी व्यावसायिक म्हणत नाही.

आणि याच्या मुळाशी जे आहे त्याचं नाव घेतल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. कट प्रॅक्टिस. चिठ्ठी लिहिणाऱ्याला लॅबकडून मिळणारा वाटा. ज्या चाचणीत वाटा आहे ती लिहिली जाते. तिची स्पेसिफिसिटी किती याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला होता. तो मसुदाच राहिला. आम्हा डॉक्टरांच्या संघटना त्या वेळी मसुद्यावर जेवढ्या तावातावाने बोलल्या, त्याच्या निम्म्या तावातावाने विडालविरुद्ध बोलल्या असत्या, तर किती पोरांच्या शिरांत सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक विनाकारण गेलं नसतं. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादला २०१६ पासून टायफॉईडचा जो जंतू पसरला, त्याला सेफ्ट्रिॲक्सोन लागू पडत नाही. आपण प्रत्येक तापाला तेच टोचत बसलो तर तो जंतू इथे यायला फार वेळ लागणार नाही, आणि त्या दिवशी खऱ्या टायफॉईडच्या मुलाला द्यायला आमच्या हातात फार थोडं उरेल.

खरं निदान हवं असतं तेव्हा काय करायचं, हे आपल्या शास्त्रज्ञांना नीट माहीत आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने टायफॉईडची नवी लस एक लाखाहून अधिक मुलांना टोचली. सार्वजनिक यंत्रणेतून अशी मोहीम जगात पहिल्यांदाच झाली. लसीचा उपयोग झाला का, हे मोजायला त्यांनी ब्लड कल्चर वापरलं. त्या अभ्यासाचा निष्कर्ष विडालवर कुणी काढला असता, तर तो कुठल्याही जर्नलने छापला नसता. मग जी चाचणी जर्नलला चालत नाही ती आमच्या तालुक्यातल्या पोरीला का चालावी?

सरकारकडे माझी मागणी सरळ आहे. एका विडालवरून टायफॉईड ठरवणं सरकारी रुग्णालयांत आजपासून बंद करा आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात ब्लड कल्चरची सोय करा. कोविडमध्ये काढली तशी किटवार यादी डेंग्यू, टायफॉईड, स्क्रब टायफस, हिपॅटायटिस अशा प्रत्येक आजारासाठी काढा: कुणावर तपासली, कशाशी ताडली, किती पकडले, किती खोटे. ती मराठीत, सगळ्यांना वाचता येईल अशी लावा. ज्या किटचा असा आकडा नाही तिचा रिपोर्ट देणाऱ्या लॅबला त्यावर 'पॉझिटिव्ह' हा शब्द छापायची मनाई करा. आणि कट प्रॅक्टिसचा तो मसुदा येत्या अधिवेशनात विधानसभेत मांडा. मतदान कुणी कसं केलं, ते आम्ही आमच्या दवाखान्यांच्या भिंतींवर लावू.